पाहा

बोल्टनच्या कॉलेजात तळघरात बसते मी.
वर पाच मजले पुस्तकं, डोक्यावर गरम पाण्याचा पाइप,
आणि पुस्तकांना नावं ठेवणं हे माझं काम.
तसं म्हटलं तर आमच्या अमरावतीत
हे काम लोक फुकट करतात.

आमच्या साहेबीण मिसेस ग्रीनहाल्श.
आडनाव लिहिताना शेवटी जी आणि एच, बोलताना श,
त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.
पण ळ आला की विचारतात,
एलच्या खालच्या टिंबाची खरंच गरज आहे का?
आहे, मी म्हणते. टिंब काढलं
तर नळाचा नल होतो, आणि नलाला पाणी येत नाही.

मंगळवारी एक मुलगी आली, एलोइज एन्ट्विसल,
तिसरं वर्ष, ओली छत्री, नखांवरचा निळा रंग अर्धा उडालेला.
तिच्या पणजीची आई इथल्याच गिरणीत
चार माग सांभाळायची.
तो कापूस कुठून यायचा, एवढंच हवं होतं तिला.
तिनं टाइप केलं: अमरावती.
यंत्र म्हणालं: शून्य.
तिनं एक अक्षर बदललं.
शून्य.
मग माझ्याकडे वळून म्हणाली, सॉरी,
माझंच स्पेलिंग चुकत असणार.

मुलं नेहमी हेच म्हणतात.

दोन दिवस मी रॅक धुंडाळले.
होती. माझ्याच खुर्चीच्या मागे,
एका दलालाची वही, अठराशे सहासष्टची,
गाठी, वजनं, जहाजांची नावं,
आणि गावाचं नाव साहेबाच्या कानावर पडलं तसं:
ऊमरावुट्टी.
नोंद करणाऱ्यानं दिसलं ते उतरवून घेतलं.
अकरा वर्षं मी माझ्या गावाला पाठ लावून बसले होते.

अशा वेळी एक रकाना भरायचा असतो, चारशे एकावन्न.
ज्या ज्या नावांनी कोणी हाक मारली असेल
ती सगळी तिथे लिहायची, चुकीचीसुद्धा,
चुकीची तर आधी.
पूर्वी कार्डांवर यासाठी एकच शब्द असायचा:
पाहा.
ऊमरावुट्टी, पाहा अमरावती.
उमरावती, पाहा अमरावती.
चौकात उभा राहून
बोट दाखवणाऱ्या म्हाताऱ्यासारखा शब्द.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा दारात एक बाई आल्या,
हातात मोसंब्यांची पिशवी.
द्वारका आहे का घरात?
मी म्हणाले, इथे द्वारका कोणी राहत नाही.
त्यांनी पाटी वाचली. पाटीवर बाबा होते.
गेल्या.
आई आत मिक्सरवर चटणी वाटत होती.
रात्री सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, गालावर तीळ होता?
मला आठवेना.
तव्यावरची पोळी तिनं उलटली नाही,
वास सुटला तरी.

लग्नात तबकातल्या तांदळात
बाबांनी अंगठीनं लिहिलं होतं, सुलभा.
ते तांदूळ पुढे कोणीतरी शिजवले असतील.

काल सगळे गेल्यावर मी एक कोरी नोंद उघडली.
शंभर: आईचं नाव, जे रेशनकार्डावर आहे.
चारशे: द्वारका.
चारशे: द्वारकी, द्वारे, बबी.
पुढे काय लिहायचं ते कळेना.
तिनं पुस्तक लिहिलं नाही, वाण्याच्या याद्या लिहिल्या,
आणि आमच्या नियमांत यादीला लेखक नसतो.
सेव्ह न करता बंद केली.
यंत्रानं दोनदा विचारलं, नक्की का?

आज एलोइज वही पाहायला आली.
पानं उलटता उलटता मध्येच थांबली,
शिवणीत काहीतरी तपकिरी अडकलं होतं.
उंदराचं आहे का हे? झटकू?
नोको नं बापा, मी म्हणाले, चक्क वऱ्हाडीत,
आणि तिला कळलं.

सरकी. कोणत्या पऱ्हाटीची, कोणाच्या हातची,
त्याला रकाना नाही.
पाचशेव्या रकान्यात साधी टीप टाकली:
पान एक्केचाळीस, शिवणीत सरकीचा एक दाणा.
काढलेला नाही.